साहेबांच्या दाढेचा फोटो

माझे सासरे कचेरीतून कधीच निवृत्त झाले, पण घरात त्यांना अजून साहेबच म्हणतात. फोटो काढल्याशिवाय आजार ठरत नाही, असं त्यांचं ठाम मत. मागे हिरड्या सुजल्या, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरशाने तोंड तपासलं, दात साफ केले आणि एक्स-रेची गरज नाही म्हणून सांगितलं. साहेबांना तो अपमान वाटला. त्यांनी तडक चौकातला मोठा दवाखाना गाठला. तिथे काय होतंय हे विचारायच्या आधी एक्स-रे काढत. साहेब अख्ख्या जबड्याचा फोटो घेऊन आले आणि आल्यागेल्याला ट्यूबलाइटसमोर धरून दाखवू लागले. पाहुण्यांचा चहा त्यामुळे निम्मा राही.

पुढे कुणीतरी त्यांना मोबाइलवर किरणांचे धोके पाठवले. त्या दिवसापासून एक्स-रे हा साहेबांच्या लेखी डॉक्टरांनी रचलेला कट झाला.

आणि नेमकी दाढ ठणकू लागली. मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. साहेबांनी एका दाढेवर बोट ठेवून ती उपटायचा हुकूम सोडला. बाईंनी दाढा ठोकून पाहिल्या. मागच्या दाढेवर जुनी कॅप होती, आतलं काही दिसेना. आता छोटा फोटो लागेल, असं त्या म्हणाल्या.

"मी मागत होतो तेव्हा नाही म्हणालात."

"तेव्हा दुखणं डोळ्यांना दिसत होतं. मुळाशी काय चाललंय ते दिसत नाही."

बरीच मनधरणी केल्यावर साहेब तयार झाले. बाई बटण दाबायला भिंतीआड गेल्या, आणि साहेबांना पुरावाच मिळाला. तोंड मोकळं होताच त्यांनी विचारलं, "तुम्ही का पळालात?"

"मी दिवसभर फोटो काढते. दर वेळी इथेच थांबले, तर सगळ्यांचे किरण मला. तुम्हाला फक्त तुमचे, तेही अगदी थोडे."

पडद्यावर साहेबांनी दाखवलेली दाढ ठणठणीत होती. पू झाला होता मागच्या, कॅपच्या दाढेच्या मुळाशी.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हा फोटो माझाच आहे ना?"

रूट कॅनाल झालं, ठणका गेला, चांगली दाढ जागेवर राहिली. संध्याकाळी साहेब आपल्या मुलाला सांगत होते, की मागच्या दाढेचा संशय त्यांना आधीपासूनच होता, बाईंनी फक्त खात्री करून घेतली. मी भाजी चिरत होते. सुरी जरा जोरात चालली, एवढंच.