मोडणे हा माझा धंदा

मित्रांनो, मी एक जुने दाबयंत्र आहे आणि वस्तू मोडणे हा माझा धंदा आहे. लोखंड, लाकूड, वीट, काहीही माझ्या जबड्यात ठेवा. ते मोडेपर्यंत मी दाबतो आणि किती वजनाला मोडले ते तबकडीवर दाखवतो. काळा काटा नंतर शून्यावर परततो, लाल काटा मात्र मोडल्या आकड्यावर अडून बसतो. त्याला कोणाची भीड नाही. मलाही नाही.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या एका ओतशाळेत झाला. सत्तर वर्षांपूर्वी मला ओहायोतल्या वेदरबी विद्यापीठात आणले. इथे तत्त्वज्ञान, इतिहास आणि नाटक यांचा थाट मोठा. अभियांत्रिकीच्या वाट्याला आले ओढ्याकाठचे एक गोदाम. आमच्या मुलांना गणितासोबत ग्रीक नाटकेही वाचावी लागत. मोठ्या तांत्रिक विद्यापीठातली पोरे हिणवत, "कविता वाचणारे इंजिनियर! यांच्या पुलावरून जाणार कोण?" ते ऐकून माझ्या तेलाला उकळी फुटे. तेव्हा गावातले गवंडीसुद्धा आपल्या विटा माझ्याकडे आणून मोडून घेत. पुढे संगणक आले, मोडण्याची चित्रे पडद्यावर दिसू लागली आणि पोरे माझ्या अंगावर कोट टांगू लागली.

मग डेल्फीन कोवाल्स्की आली. वेल्डरची लेक, शेवटच्या वर्षाला, जिभेने तिखट. ओढ्यावरचा जुना लाकडी पूल कुजून पडला होता आणि नव्या पुलाचा आराखडा तिचा निवडला गेला होता. वेदरबीची एक रीत आहे. पदवी मिळाली की सगळे जण पुलावर जातात, चार वर्षांतल्या सर्वांत वाईट पेपरची होडी करतात आणि ओढ्यात सोडतात. त्या वर्षी ते डेल्फीनच्या पुलावरून व्हावे, अशी तिची आस होती.

तिची खोलीतली मैत्रीण टॅबिथा नाटक शिकायची. आराखड्यात माणसे पुलाच्या मधोमध रांगेत उभी दाखवलेली पाहून ती हसलीच. "अगं, माणसं अशी कवायतीला उभी राहतात का कधी? होड्या सोडल्या की त्या खालून बाहेर येताना बघायला सगळा कळप पलीकडच्या कठड्याला धावणार. मी गर्दीचे प्रवेश बसवते, मला विचार."

"तू तुझे संवाद पाठ कर. वजनं माझ्यावर सोड," डेल्फीन म्हणाली. पण दोन दिवस तिला जेवण गोड लागले नाही.

परीक्षेच्या दिवशी पुलाची पोलादी प्रतिकृती माझ्या जबड्यात ठेवली. पुलाचा खर्च देऊन त्याला आपले नाव मिळावे म्हणून उत्सुक असलेले एक वृद्ध दांपत्य खुर्च्यांवर बसले होते. सोबत डीन हॅलोरनबाई.

"डेल्फीन, वजन मधोमध घे. ठरलंय तसं."

"मधोमध कोणीच उभं राहणार नाही, मॅडम," असे म्हणून तिने प्रतिकृती सरकवली आणि सगळा दाब एका कठड्यावर घेतला.

खरे सांगतो, ती पोरगी मला आवडायची. तरी मी एका पौंडाचीही सूट दिली नाही. तीन हजार पौंड पेलायला हवे होते. एकोणीसशेला तुळई पिळवटली आणि सांधा फाटकन उकलला.

बाई घाईघाईने हसल्या. "हे यंत्रच म्हातारं झालंय हो. भंगारातच काढायचं होतं. पुढच्या आठवड्यात मधोमध ठेवून पुन्हा घेऊ. बरोबर ना, डेल्फीन?"

एका होकाराचे काम होते. तिचा पूल उभा राहिला असता आणि मी भट्टीत गेलो असतो. माझा जीव टांगणीला लागला. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि भल्याभल्यांना मी त्या भिडेपायी मान हलवताना पाहिले आहे.

डेल्फीनने लाल काट्यावर बोट ठेवले. "नाही, मॅडम. यंत्र ठणठणीत आहे. पूल चुकलाय, आणि पूल माझा आहे."

पाहुणे उठून गेले. तिने अहवालात तोच आकडा लिहिला, एका कठड्याकडे धावणाऱ्या गर्दीची गोष्ट लिहिली आणि ती सुचवणाऱ्या टॅबिथाचे नावही लिहिले. पदवी मिळाली. पूल काही झाला नाही.

आमच्या गोदामाचे मोठे दार ओढ्याकडे उघडते, म्हणून मे महिन्यातला तो दिवस मी डोळ्यांनी पाहिला. झगे खोचून सगळे चिखलात उभे राहून होड्या सोडत होते. कोणीतरी ओरडले, "तुझ्यामुळे बूट गेले, डेल्फीन!"

"हो, माझ्यामुळेच!" ती गुडघाभर चिखलातून कडाडली. "आणि बघा, सगळे काठावर आहात. पाण्यात कोणी नाही!"

मित्रांनो, मला वेळेवर तेल द्या आणि माझी तबकडी पुसत जा. मग तुमची लाडकी वस्तू घेऊन या आणि तिची सर्वांत कच्ची बाजू माझ्यापुढे करा. मी ती मोडीन, आणि माफी मागणार नाही.