अकरा नोंदी

वाल्मीकने वीज चालूच ठेवून संगणकाचा खटका खाली ओढला आणि पाटीवरचे पेटलेले दिवे एकेक करून कागदावर उतरवून घेतले. एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात भिवंडीच्या त्या रंगाई कारखान्यात तो तिसऱ्यांदा आला होता. हौदांच्या तापमानावर नजर ठेवणारा संगणक अधूनमधून गपकन थांबायचा, आणि त्यातला मूळ प्रोग्राम वाल्मीकनेच लिहिलेला होता.

"साहब, और कितनी बार?" मॅनेजर दारातूनच करवादला. "इथं माल जळतोय. ती पोरगी काढली, तरी हेच!"

"दर वेळी मी यायच्या आत मशीन बंद करून पुन्हा चालू करता. मग मला काय दिसणार, कपाळ? आज तरी तसंच ठेवलंय."

ती पोरगी म्हणजे राहनाळ गावची गोदू, इथली ऑपरेटर. मागच्या खेपेला वाल्मीकने वैतागून अहवालात एक ओळ लिहिली होती : ऑपरेटरकडून चुकीची कळ दाबली जात असावी. तेवढ्यावर तिची नोकरी गेली.

दिव्यांवरून निघालेला आकडा त्याने छापील प्रोग्रामशी ताडून पाहिला. मशीन धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागात अडकलं होतं. हौद जास्त तापला की इंटरप्ट यायचा. हातातलं काम तसंच टाकून मशीन आधी घंटेकडे वळायचं. घंटेला तापमानाचा तक्ता हवा होता, आणि तक्त्याला लॉक होतं : एकाचं काम चालू असताना दुसऱ्याला तो वापरता येऊ नये म्हणून. टेलिप्रिंटरवर तासाची नोंद अर्ध्या ओळीत तुटलेली. म्हणजे लॉक त्या नोंदीकडे. नोंद पुरी झाल्याशिवाय लॉक सुटणार नाही, आणि घंटा हटल्याशिवाय नोंद पुढे सरकणार नाही. दोघं एकमेकांची वाट बघत जन्मभर बसले असते.

कळ कुणीच दाबली नव्हती.

त्याने गोदू भरायची ती ऑपरेटरची वही मागवली. चार महिन्यांत अकरा वेळा, टपोऱ्या अक्षरात, तारीख-वेळेसकट एकच मजकूर : 'हौदाची घंटा आणि तासाची नोंद एकदम. मशीन थांबली.' ही वही त्याने आधी कधी मागितलीच नव्हती.

दुरुस्ती चार-पाच ओळींची निघाली. लॉक घ्यायच्या आधी इंटरप्ट रोखायचे. लॉक सोडल्यावर ते सरसकट चालू न करता आधी जसे होते तसे करायचे. प्रोग्रामची नवी टेप चढवून त्याने नोंद छापायला लावली आणि मधेच मुद्दाम घंटेचा इशारा दिला. पंधरा वेळा. मशीन एकदाही थांबलं नाही.

"हो गया ना?" मॅनेजर म्हणाला. "मग जुनं कशाला उकरता? तिची जागा भरली."

वाल्मीकने नवा अहवाल लिहून काढला. तो मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि कार्बनची प्रत घेऊन राहनाळ गाठलं.

गोदू ओटीवर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. तिची आई ठकुबाई त्याला पाहून उसळली.

"आता काय न्यायला आलाव? काय ऱ्हायलंय?"

"आये, थांब जरा."

गोदूने हात पुसून कागद घेतला. 'चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती. ऑपरेटरच्या नोंदी अचूक होत्या. त्या मी वाचल्या नाहीत.' खाली सही. वाल्मीकने बोलायला तोंड उघडलं, पण ती अजून वाचतच होती.

"तारीख न्हाय घातली, साहेब."

त्याने कागद गुडघ्यावर धरून तारीख लिहिली.

"येळ पन लिवा," ती म्हणाली.

त्याने घड्याळात पाहिलं.