रविवारचं घर

मी भिंतीवरची दिनदर्शिका बोलतेय. वय दिवस पाच, आणि जीव आत्तापासूनच टांगणीला.

दूरच्या देशात शिकून मला घडवणारी ही मुलगी वडिलांच्या छापखान्यात परतली. तिला वाटलं होतं, जुनाट दिनदर्शिका बदलली की लोक दुवा देतील. इथे तिला मिळाल्या आठ्या, आणि मशीनवाल्या काकांचे टोमणे.

रविवार तिने डावीकडून उचलला आणि उजव्या टोकाला नेला. त्याचा लाल रंगही काढला. जुन्या मांडणीत ३० आणि ३१ हे २३-२४च्या घरात पोटभाडेकरूसारखे कोंबलेले असत. त्यांना मोकळी जागा दिली. मी खरंच देखणी झाले.

"म्हणजे आधी राबा, मग बसा," काका म्हणाले. "आमच्या वाडवडिलांनी आधी बसायचं ठेवलं होतं, ताई. ते बरं होतं."

ती हसली नाही. "बाबा, यातलं काही आकाशातून पडलेलं नाही. एके काळी वर्ष मार्चला सुरू व्हायचं, म्हणून सातवा म्हणवणारा सप्टेंबर आज नववा आहे. एकदा तर ऋतूंशी मेळ बसेना म्हणून लोकांनी दहा दिवसच गाळून टाकले. माणसांनी मांडलंय, माणसंच बदलतील."

"बदल की," वडील म्हणाले. "पण लोक दिनदर्शिका वाचत नाहीत गं, चाचपतात."

ते तिने कानाआड केलं. माझ्या दोन हजार बहिणी छापून झाल्या. तीनशे घरोघर गेल्या. मला तिने शनिवारी, एक तारखेला संध्याकाळी, स्वतःच्या स्वयंपाकघरात टांगलं.

त्या घरात तिची आत्या असते. मूत्रपिंडं थकलेली, नजर अधू. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं. आत्या रोज सकाळी जाड पेन्सिलीने माझं एक घर खोडते आणि डावीकडून बोटाने मोजते. तिसरं आलं की दवाखाना, सहावं आलं की दवाखाना. कितीतरी वर्षांची सवय.

मंगळवारी सकाळी आत्या आली. बापलेक कधीच छापखान्यात गेले होते. तिने चार तारीख खोडली, बोट ठेवलं. एक. दोन.

"आज दुसरंच," ती पुटपुटली आणि भाजी निवडायला बसली.

मला वाचा असती तर ओरडले असते. वारा आला तेव्हा मी खिळ्यावर जमेल तेवढी फडफडले. आत्याने उठून खिडकी लावली. दुपारी तिच्या पायांवर सूज चढली. चार वाजता धाप लागली. मी घड्याळाकडे बघत राहिले. त्याला तरी काय करता येणार होतं.

संध्याकाळी भाची दारात आली आणि चप्पल पायातच राहिली.

"आत्या, दवाखान्यात गेली नाहीस?"

"उद्या आहे ना... दुसरंच घर... झालंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. पेन्सिलीची फुली पाहिली, तिच्या डावीकडे दोनऐवजी एकच घर पाहिलं. तिचा चेहरा माझ्या कागदाहून पांढरा पडला. मग टॅक्सी, जिन्यावर धावपळ, आणि मी रिकाम्या घरात एकटी. आपणच एखाद्याचा दिवस चोरला, हे कळल्यावर भिंतीला चिकटून राहणं फार कठीण असतं.

सकाळी आत्या परत आली, वडिलांच्या खांद्यावर हात टाकून. मशीन वेळेवर मिळालं होतं.

"तुझी ही नवी बया," आत्या माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली, "मला वरच पाठवत होती की."

कुणी हसलं नाही.

"बाबा, तीनशे घरं," ती म्हणाली. "त्यात आत्यासारखे किती असतील?"

"मोजलेत कुणी?"

तिने चहाला हात लावला नाही. मला खिळ्यावरून काढलं आणि काकांना फोन केला. "काका, उरलेला गठ्ठा वाटू नका. जुनी मांडणी मशीनवर चढवा. रविवार डावीकडे, लाल. ३० आणि ३१ राहू देत मोकळे, त्यांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही."

आता मी तिच्या काखेत आहे. घरोघर जाऊन ती माझ्या बहिणी परत मागणार आहे. मी रद्दीत जाणार, हे मला ठाऊक आहे. पण बाई, जरा भराभर चाल. आज बुधवार. कुणाच्या तरी घरी आत्ता कुणीतरी बोटाने मोजत असेल.

तिने शेजारचं दार वाजवलं.