पांढरा साका

तिसऱ्या बाटलीतही पांढराच साका बसला, तेव्हा नम्रता मॅडमनी वही मिटली. पाण्यात प्राणवायू असला तर द्रावण घातल्यावर तळाशी बसणारा साका तपकिरी होतो. पांढरा म्हणजे प्राणवायू नाही. रोह्याच्या कॉलेजातली बारा मुलं तलावाच्या काठावर बाटल्यांभोवती जमली.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. कंपनीचं सांडपाणी तलावात मुरलं, असं कुणीतरी म्हणालं. पाणी भरायला आलेल्या ठमाबाईने दोन्ही हंडे काठावरच उपडे केले आणि ती टेकडीपलीकडच्या विहिरीकडे निघाली.

गोविंदा बाटल्यांच्या पेटीशी बसला होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून त्याची बावीस वर्षं गेली होती. तळाच्या पाण्यात पांढरा साका बसलेला त्याने पाहिला होता, वरच्या पाण्यात कधीच नाही. आणि समोर तर मासे उसळ्या मारत होते.

बाटलीत घालायचं द्रावण काल संध्याकाळी त्यानेच बनवलं होतं. कपाटात मँगनीज आणि मॅग्नेशियमच्या बरण्या शेजारीशेजारी असत. वर्षभर त्याला अक्षरं पुसट दिसत होती. नोकरीची तीनच वर्षं उरलेली, म्हणून तो कुणापाशी बोलला नव्हता. बरणी त्याने अंदाजानेच काढली होती. मँगनीजऐवजी मॅग्नेशियम घातलं, की पाणी कसंही असो, साका पांढराच.

गप्प बसला असता तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. ठमाबाई रिकामे हंडे घेऊन चढण चढू लागली होती.

“मॅडम, खोट पाण्यात नाय,” तो म्हणाला. “बरणी चुकली माझी. मला आता अक्षर दिसत नाय.”

मॅडमनी मुलांपैकी अमोलला मँगनीजची बरणी आणायला मोटारसायकलवरून रोह्याला पिटाळलं. सुरभी ठमाबाईला परत आणायला धावली. दीड तासाने अमोल बरणी घेऊन परतला. नवं द्रावण मॅडमनी स्वतः केलं. या वेळी साका हळूहळू पिकल्या चिंचेसारखा तपकिरी झाला.

ठमाबाईने हंडे पुन्हा भरले. जाताना त्याच्यापाशी थांबली. “डोळे दाखव पयले, दादा,” म्हणाली.

सोमवारी कपाटाची किल्ली गोविंदाने न मागताच मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि रविवारी पेणला डोळ्यांचं शिबिर आहे, मी सोबत येते, एवढंच सांगितलं.

तो मोरीपाशी गेला, बाह्या सारल्या आणि बाटल्या धुवायला घेतल्या. काच स्वच्छ झाली, की तिच्यावरून बोट करकरत सरकतं. एकेका बाटलीच्या तोंडावरून तो अंगठा फिरवून पाहत होता.