फाटक्या ओठाची मरळ

म्हसूनं बायकोचा, कोंडाबाईचा पिंड तळ्याच्या काठावर ठेवला, हात जोडले आणि मागं सरला. उंबरावर कावळा बसलेला होता, पण खाली उतरायचं नाव घेईना.

"आये, तुजी शेरडं इकणार न्हाई," मुलगा बिरदेव म्हणाला.

कावळ्यानं नुसती मान फिरवली. ऊन चढलं. दहाव्याला जमलेली माणसं कुजबुजायला लागली, म्हातारीचा जीव कशात अडकलाय म्हणून.

म्हसूला ठाऊक होतं कशात. अंथरुणावरून बायकोनं एकच मागितलं होतं, मरळीचं कालवण. आणि त्याच्या गळाला मरळ लागलीही होती, चांगली हातभर. गळ काढताना तिचा वरचा ओठ फाटला. पण त्यानं ती पाण्यात सोडली आणि घरी येऊन सांगितलं, मिळाली नाही.

न सोडून करतो काय? तळ्यात चिलापी मासळी माजली होती, सगळी खुरटलेली. गळवाल्यांच्या क्लबचा निरंजन म्हणाला, चिलापी हवी तेवढी धरा, मरळ तेवढी सोडा. ती चिलापीची पिल्लं खाते, मग उरलेली चिलापी अंग धरेल. म्हसूला पटलं. त्यानंच बिरोबाच्या देवळात साऱ्या गावाला भंडारा उचलून मरळ न धरायची शपथ घ्यायला लावली होती.

निरंजनही आज आला होता. हात बांधून बाजूला उभा होता.

सून उज्ज्वला म्हसूजवळ सरकली. ती क्लबच्या फार्महाउसवर स्वयंपाकाला जायची.

"मामा, आत्याबाई जायच्या आदल्या आयतवारी तितं मी मरळ शिजवली. निरंजनसायबांच्या पाव्हण्यांसाठी. वरचा वठ फाटल्याली व्हती."

म्हसूनं निरंजनकडं बघितलं.

"वाटीभर लपवून आनली व्हती. आत्याबाईंनी तोंडाला लावली न्हाई. म्हनल्या, ह्यास्नी कळलं तर जिवाला लावून घेत्याल. टाकून दे."

म्हसूला संताप आला. पण पिंडासमोर भांडण कसलं करायचं? तो उकिडवा बसला आणि वाकून हळूच बोलला.

"कोंडे, भंडाऱ्यातनं मी सुटलो. आता ह्या तळ्यात एकबी मरळ ठेवत न्हाई."

कावळा उतरला, पिंडाला शिवला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. निरंजननं पुढं येऊन म्हसूच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुटल्या काकू. काय राहिलं होतं त्यांचं?"

म्हसूनं तो हात खाली काढला.

"बिरदेवा," तो म्हणाला, "घरनं माजा गळ आन."