पेरूपासून दोनशे वार

पायी मोहिमा नेणाऱ्या योर्लेनीने सरळ सांगून टाकलं होतं. चौथ्या रविवारी सकाळी सहाला पुलापासून निघायचं, डोंगरावरच्या क्रुसाला हात लावायचा आणि अकराच्या आत परत यायचं. जमलं तर आमचा चिंचोळा देश ओलांडणाऱ्या, अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंतच्या सोळा दिवसांच्या वाटचालीत जागा, नाहीतर पुढच्या वर्षी. मी एकसष्ट वर्षांची, पुढच्या वर्षी हे गुडघे माझं ऐकतील कशावरून? तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहिले, चालले ती चुलीपासून मोरीपर्यंत. मला जायचंच होतं.

आमच्या रस्त्यावर ट्रक आणि कुत्री. सरावाला मला हवा होता चढ. समोरच्या घरातले डोन एवेलियो चाळीस वर्षं वरच्या कुरणातून खेचरांवरून दूध खाली आणायचे. आता काठी घेऊन दारात बसतात, पण सगळ्या वाटा त्यांच्या डोक्यात आहेत.

"सोपं आहे, डोन्या ओदिली. कॉफीच्या मळ्यातून चढत पेरूच्या झाडापाशी जा. तिथून डावीकडे दोनशे वार, की तारेचं फाटक. मग वाटच तुम्हाला नेईल."

पहिल्या रविवारी मी दोन तास कॉफीत भटकले. पेरू काही दिसेना. घसरले, कोपर सोलवटलं, शेवटी एका दगडावर बसून रडले. लाज कसली, रडले.

खाली येऊन थेट त्यांच्या दारात उभी राहिले. "कुठंय तुमचा पेरू? शेवटी बसून रडले मी!"

"पेरू? तो एक्याण्णवच्या भूकंपात गेला."

"मग त्याच्यावरून मला वाट कशाला सांगता?"

"मग कशावरून सांगू? तो कुठे होता ते सगळ्यांना माहीत आहे."

आमच्याकडे पत्ते असेच सांगतात. माझ्या घराचा पत्ताच मुळी 'जळालेल्या बेकरीपासून तीनशे वार पूर्वेला' असा आहे, आणि बेकरी जळाली तेव्हा मी परकरात होते.

"तुम्ही बसलात कुठे?" त्यांनी विचारलं.

"एका सपाट दगडावर. खालून पाणी झिरपत होतं."

म्हातारा काठीवर रेलून पुढे झाला. "अहो, खेचरं तिथेच पाणी प्यायची! पेरू त्याच्याच डोक्यावर होता. वाट तुमच्या पाठीमागे होती, आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून रडत बसलात."

दुसऱ्या रविवारी कोयता घेऊन गेले. दगडामागचं रान तोडलं, फाटक सापडलं. तिसऱ्या रविवारी क्रुसाला हात लावला, पण परत यायला साडेअकरा वाजले. दर वेळी डोन एवेलियोंना सगळं सांगावं लागायचं: फाटक कुठल्या बाजूला कललंय, ओढ्याला पाणी किती. ते डोळे मिटून ऐकायचे. वर जाऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती.

चौथ्या रविवारी आम्ही नऊजण जमलो. माझ्याकडून या वाटेबद्दल ऐकून योर्लेनी डोन एवेलियोंकडे खात्री करायला गेली, आम्ही मागे.

"सोपं आहे," ते म्हणाले. "कॉफीतून वर चढा. डोन्या ओदिली जिथे बसून रडल्या, तिथून डावीकडे दोनशे वार."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

दगडापाशी योर्लेनीने विचारलं, "हाच का?" मी म्हटलं, "हाच," आणि न थांबता पुढे गेले. पुलावर पोचले तेव्हा दहा चाळीस झाले होते. नऊजणांत मी सहावी. योर्लेनीने वहीत माझं नाव लिहिलं आणि मी ते दोनदा वाचून पाहिलं.

डोन एवेलियोंनी गुळाचं गरम पाणी तयार ठेवलं होतं. मी एक कप संपवला आणि म्हटलं, "बाकी सगळं ठीक. पण वाट सांगताना ते रडण्याचं तेवढं गाळा."

"गाळलं असतं," ते म्हणाले. "पण मग उद्या आपण दोघं नसताना, कुठला दगड ते कसं कळणार लोकांना?"