सील पॉइंटचे भिंग

मी एक जुना दीपस्तंभ आहे. अंगाने लाकडी, आठ कोनांचा आणि सध्या डोक्याकडून करपलेला. मित्रांनो, नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर सील पॉइंट नावाचा खडक आहे, तिथे मी दीडशे वर्षे उभा आहे.

मला जहाजे बांधणाऱ्या सुतारांनी बांधले. माझ्या माथ्यावर शेकडो काचांचे, माणसाएवढे उंच भिंग बसवले. आत रॉकेलचा एवढासा दिवा. पण त्या भिंगामुळे त्याचा उजेड पंधरा मैलांवरच्या कोळ्याला दिसे. कॉड मासळीने भरलेल्या होड्या मला पाहून घराकडे वळत. तेव्हा माझे कौतुक कोण करत नसे!

माझा शेवटचा राखणदार एल्काना क्रोवेल. त्याची बायको लवकर वारली, म्हणून भिंग पुसण्याचे काम त्याची मुलगी झिल्फा करी. पुढे शेजारी विजेच्या दिव्याचा लोखंडी खांब आला. भिंग काढून शहरातल्या गोदामात टाकले. चाळीस वर्षे माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. झिल्फाने मात्र पत्रे लिहून लिहून सरकारला भंडावून सोडले आणि ती चौऱ्याऐंशी वर्षांची झाली तेव्हा भिंग परत आले. माझी दुरुस्तीही सुरू झाली.

दुरुस्तीचा प्रमुख तिचा भाचा मेरिल. मनाने चांगला, पण स्वतःपुढे कुणाचे ऐकायचा नाही. त्याने तिला माझा जिना चढू दिला नाही.

"आत्या, गुडघे बघ तुझे! उद्घाटनाच्या दिवशी तुला खांद्यावरून न्यायचं का आम्ही?"

"नको नेऊस वर. पण उजाडलं की भिंगाच्या चहूबाजूंचे पडदे ओढत जा, बाबा. आमच्याकडे आधी पडदे, मग चहा."

"अगं, लोक भिंग बघायला येणार, पडदे नाही!"

"ऊन आत आलं की..."

"ऊन? आपल्या गावात? इथं धुक्यात नाक दिसत नाही स्वतःचं!"

सगळे हसले. झिल्फाही हसली, जरा उशिरा. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. जे भिंग रात्री उजेड बाहेर फेकते, तेच दिवसा ऊन आत ओढून एका ठिकाणी गोळा करते.

उद्घाटनाच्या सकाळी नेमके आभाळ लख्ख होते. गाव सभागृहात माशांचे चाउडर, म्हणजे घट्ट सार, रांधण्यात गुंतला होता. दिवा अजून बसवायचा होता. त्याच्या जागी रंगाऱ्यांच्या टर्पेंटाइनच्या चिंध्या पडल्या होत्या. दहाच्या सुमारास धूर निघाला. झिल्फाने तो घरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला. ती धापा टाकत आली, माझे दार बडवू लागली. किल्ली मेरिलच्या खिशात होती.

बंब आला तेव्हा माझा माथा पेटला होता. तापलेल्या भिंगावर गार पाणी पडले आणि एकेक काच तडकत गेली. मी कितीतरी वादळे ऐकली आहेत, पण तो आवाज मला अजून सोसत नाही. खाली झिल्फा दोन्ही हातांनी कान झाकून उभी होती.

आठवड्याने मेरिल तिला पाठीवर घेऊन वर आला.

"चुकलं माझं, आत्या. शिव्या तरी घाल."

एक काच तेवढी शाबूत होती. झिल्फाने रुमाल काढून तिच्यावरची काजळी पुसली, दोन्ही बाजूंनी, अगदी कडेपर्यंत. मग म्हणाली, "चल, खाली ने मला."

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर प्रेम करा, असे मी सांगणार होतो. पण प्रेम तर मेरिलचेही होते. तेवढ्याने भागत नाही. ज्या हातांनी ती वस्तू सांभाळली ते हात हयात असतील, तर आधी त्यांना विचारा आणि ते सांगत असताना हसू नका.

झिल्फा गेल्या हिवाळ्यात वारली. माझ्याबद्दलच्या आणखी कितीतरी गोष्टी फक्त तिलाच ठाऊक होत्या. त्या तिला कुणी विचारल्याच नाहीत.